राखाडी हातमोज्याची चौदा मुखपृष्ठं

३ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप दादास,

नमस्कार. साष्टांग घालायला गुडघे उरलेले नाहीत, तेव्हा बसल्या जागेवरूनच पोचला असं समज. मी ठीक आहे. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डावा रांगेत उभा आहे. जिन्यातला दिवा पंधरा दिवस बंद होता, तो मी रोज भांडून काल एकदाचा लावून घेतला. तुझी खबरबात तुझ्या मुलीकडून कळते, तीही ती वर्षातून एकदा फोन करते तेव्हा. वहिनी गेली त्या दिवशी आपण दोघं एका बाकावर तासभर बसलो आणि हवेत गारठा वाढलाय एवढंच बोललो. त्यालाही नऊ वर्षं झाली.

आता इतक्या वर्षांनी हिला पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं तुझ्या मनात येईल. हुक्की बिक्की काही नाही. तुझ्या नावावर कोणीतरी खोटेपणा करतंय, ते तुझ्या कानावर घालायला लिहितेय. फोन मुद्दामच केला नाही. तुझ्याकडे फोन जावई उचलतो.

मंगळवारी माझ्याकडे एक बाई आली. वय पस्तिशीचं, पायांत कापडी बूट, बोलणं तोंडात साखर ठेवल्यासारखं. जुन्या कॉमिक्सच्या मुखपृष्ठांचं प्रदर्शन भरवतेय म्हणाली. मी तिला खुर्ची दिली, चहा विचारला, आणि तेवढ्यात तिनं फोन टेबलावर उताणा ठेवला. मी म्हटलं, "हे काय, आमचं बोलणं त्यात भरून घेताय का?" ती हसली. म्हणाली, "मॅडम, वेळ बघायला ठेवलाय." भिंतीवर माझं एवढं मोठं घड्याळ आहे.

मग तिनं फाइल उघडली. उजव्या पानावर आपल्या 'राखाडी हातमोजा'चं छापील मुखपृष्ठ, डाव्या पानावर एका पेन्सिलच्या चित्राचा फोटो. अशा चौदा जोड्या, अंक पहिला ते अंक चौदावा. पहिल्या अंकाचं छापील चित्र तुझ्या डोळ्यांसमोर असेलच. पानभर ती मूठ, राखाडी हातमोज्यातली, कागद फाडून बाहेर आल्यासारखी, आणि मागे तिजोरीपाशी गुंडांची पळापळ. डावीकडच्या फोटोत यातलं काही नाही. बँकेच्या पायऱ्या, त्यावर एवढासा माणूस आपल्याकडे पाठ करून बसलेला. एका हातात हातमोजा आहे, दुसरा हात उघडा, आणि तो त्या उघड्या हाताकडे बघतोय. सहाव्या अंकात छापलाय तो गुंडाची गचांडी धरून त्याला उचलणारा, आणि पेन्सिलीत तो नुसता एका बंद दारापुढे उभा, कडी वाजवायला हात उचललेला आणि तसाच राहिलेला. सगळी अशीच.

"या तुमच्या भावाच्या मूळ कल्पना," बाई म्हणाली. "संपादकांनी त्या बदलायला लावल्या. तोच आमच्या प्रदर्शनाचा विषय आहे, मूळ चित्र आणि छापलेलं चित्र, शेजारी शेजारी. तेव्हा शाईचं काम तुम्ही करत होतात. ही मूळ चित्रं आहेत एवढं लिहून तुमची सही मिळाली तर बरं."

मी विचारलं, आणली कुठून. तर म्हणे तुमच्या पुतणीनं दिली, बाबांच्या पेटीत होती.

दादा, मी काही दुधखुळी नाही. तू जाड कार्डावर पेन्सिलीनं चित्र काढायचास, मी त्याच कार्डावर शाई फिरवायची, आणि शाई वाळली की खालची पेन्सिल खोडायची. ज्या रेघा मी माझ्या हातांनी खोडल्या, टेबलावरून ज्यांचा भुसा झटकला, त्या तुझ्या पेटीत कशा जाऊन बसतील? शिवाय फोटोतसुद्धा कळतं की तो कागद कार्ड नाही, काहीतरी पातळ, घडी पडलेलं आहे. आणि रेघा बघितल्यास तर तुला हसू येईल. एका खांद्यासाठी सहा सहा रेघा, पाच चुकलेल्या आणि एक बरोबर. तुझ्या कार्डावर मी जन्मात एक फालतू रेघ पाहिली नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, संपादक साहेबांनी बदलायला लावली म्हणतात. साहेबांच्या डोळ्यांखालून यातलं एकही चित्र कधी गेलेलं नाही, ते बदलायला कुठून लावतील? ज्याला आतलं काही माहीत नाही, त्यानंच हे कुभांड रचलेलं आहे.

माझा संशय कोणावर आहे ते तुला सांगायला नको. जुनी घड्याळं आणि पितळी नळ विकणाऱ्या माणसाला जुना कागद कसा तयार करायचा ते शिकवावं लागत नाही. चहाच्या पाण्यात बुडवला, उन्हात टाकला, झालं. मागे एकदा माझ्याकडे आला होता तेव्हा मी पाणी आणायला आत गेले, परत येते तर हा माझी आरामखुर्ची उलटी करून तिच्या बुडाशी काय लिहिलंय ते वाचतोय. तेव्हापासून मी त्याला ओळखून आहे. चित्र त्याला येत नाही, पण चित्र काढून देणारे काय कमी आहेत?

मी त्या बाईला तोंडावर सांगितलं, ही खोटी आहेत. तिचा चेहरा पडला. म्हणाली, "लेखी द्याल?" दिलं. चार ओळी, खाली सही.

तेव्हा तू आता एवढं कर. पेटीला कुलूप लाव आणि किल्ली स्वतःजवळ ठेव. जावयाला समोर बसवून विचार. मुलीला दुखवू नकोस, ती भोळी आहे. आणि या वयात नसत्या भानगडीत तुझं नाव येऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


१४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. तुझं कार्ड मिळालं.

एकेचाळीस वर्षांनी भावाचं उत्तर येतं आणि त्यात एक ओळ. तीही पाट्या रंगवतोस तशा अक्षरात, पट्टी लावून. 'साहेबांनी पाहिली नव्हती, हे तुला कसं माहीत?' ना वर मायना, ना खाली सही. उघडं कार्ड पाठवलंस, म्हणजे टपालवाल्यानंही वाचलं असणार. कालपासून तो माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतोय, किंवा मलाच तसं वाटतंय.

मी ते वाक्य घाईत लिहिलं. मला म्हणायचं होतं, साहेब काही नीट निरखून बघायचे नाहीत. त्यांचं सगळं उडतउडत चालायचं, हे तुलाही माहीत आहे. एवढ्या एका शब्दावरून तू वकिलासारखी उलटतपासणी घ्यावीस असं त्यात काही नाही.

आणि विचारायचंच झालं तर मीही तुला विचारते. ही चित्रं तू आत्ता काढलीस का? खरं सांग. जावई बिचारा मधल्यामधे मार खातोय असं मला आता वाटायला लागलंय, कारण त्या रेघा पुन्हा डोळ्यांपुढे आणल्या तर त्या कोणा भाडोत्री माणसाच्या नाहीत. तो सहाव्या अंकातला उचललेला हात तुझाच आहे. म्हणजे एवढी वर्षं गप्प बसून, आता सत्तरी उलटल्यावर तू चौदा चित्रं आठवून आठवून काढलीस, घड्या घातल्यास, आणि त्या बाईला नेमकं माझ्याच दारात पाठवलंस. का? मी काय म्हणते ते बघायला? सापळा लावलास का मला, दादा?

काल तुझ्या मुलीचा फोन आला. ती रडायलाच लागली. बाईनं माझ्या चार ओळी दाखवून चित्रं भिंतीवरून उतरवली म्हणे. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं, पण प्रदर्शनाच्या मंडळातला कोणीतरी तिला म्हणाला की म्हातारपणी लोकांना नाव कमवायची घाई होते. पोरगी म्हणाली, "आत्या, तू बाबांना खोटारडं ठरवलंस. बाबा दोन दिवस जेवलेले नाहीत." मी म्हटलं, जेवला नाही तर डॉक्टरला दाखव. तिनं फोन ठेवला. मीही त्या दिवशी जेवले नाही, हे तिला सांगायचं राहिलं.

बरं. तू विचारलंच आहेस तर एका अंकाचं सांगते. पहिल्या.

आपल्याकडची पद्धत अशी होती की तू पेन्सिलीचं कार्ड माझ्याकडे द्यायचं, मी ते केबिनमध्ये नेऊन साहेबांना दाखवायचं, त्यांनी मान हलवली की शाई करायची. पहिल्या अंकाचं कार्ड तू सकाळी दिलंस. साहेब दुपारपर्यंत येणार नव्हते आणि छापखान्याचा माणूस चारला येऊन बसणार होता. मी म्हटलं, पायऱ्यांना तरी शाई करून घेऊ, त्यात साहेब काय बदलणार आहेत. दौत टेबलाच्या काठावर ठेवायची नाही हे तू मला शंभरदा सांगितलं होतंस. कोपर लागलं. तुझा तो बसलेला माणूस होता ना, नेमका त्याच्यावर शाईचा तळहाताएवढा डाग पडला.

नवं कार्ड घेऊन तुझ्याकडे धावायला हवं होतं. पण तुझा राग मला माहीत होता, आणि मी तेव्हा पंचविशीची, नोकरीला लागून पाच महिने झालेले. मी त्या डागाकडे बघत बसले. बघता बघता त्यात मला मूठ दिसली. मग बाकीची पेन्सिल खोडली आणि त्या डागाचीच मूठ केली. दुपारी साहेबांनी ती पाहिली, उठून उभे राहिले, आणि म्हणाले, "हे. अगदी हेच पाहिजे होतं मला." मला कोणी त्याआधी असं काही म्हणालं नव्हतं.

संध्याकाळी तू विचारलंस, माझ्या चित्राचं काय झालं. मी म्हटलं, साहेबांनी बदलायला लावलं. तोंडून गेलं ते असं गेलं.

तर त्या एका अंकाचं साहेबांनी पाहिलं नव्हतं, हे खरं आहे. तो अपघात होता. उरलेल्या तेरांचं मला विचारू नकोस.

सोमवारी मी त्या प्रदर्शनाच्या जागेवर जाणार आहे. फोटो बघून काही कळत नाही, कागद हातात धरायला पाहिजे. मी कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही, तुझ्याही नाही. खोटी असतील तर तुझ्या तोंडावर येऊन सांगेन.

जेव वेळेवर.

धाकटी


२२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

प्रदर्शनाची बाई एक-दोन दिवसांत तुझ्या मुलीला फोन करेल. तिनं सांगायच्या आधी माझ्याकडून तुला कळावं म्हणून हे कुरिअरनं पाठवतेय. पाकीट बंद आहे, आणि तुलाच द्यायला सांगितलंय.

सोमवारी गेले होते. एक लांबलचक खोली आहे, पांढरा रंग दिलेली, मधोमध शिडी, जमिनीवर खिळ्यांचा डबा. भिंतीवर आपली चौदा छापील मुखपृष्ठं ओळीनं लावलेली, आणि प्रत्येकाच्या डावीकडे तेवढीच मोकळी जागा. माझ्या चार ओळींनी रिकामी झालेली. मी त्या भिंतीसमोरून चालत गेले तेव्हा मला माझीच लाज वाटली. पण तरी मनात होतं की खोटी ती खोटी.

बाईनं कपाटातून चित्रं काढली, मला कापडी हातमोजे घालायला दिले. पहिल्याच कागदाला हात लावला आणि तो नुसता पातळ नाही, तुझ्या घरी वहिनी औषधांच्या पुड्या बांधायची तो कागद आहे हे कळलं. मी तो उलटा केला. पाठीमागून काळाकुट्ट. मऊ पेन्सिलीनं सगळी पाठ घासून काळी केलेली, आणि त्या काळ्यात चित्राच्या रेघांच्या जागी बारीक चरे.

मग मी तो दिव्याखाली धरून पुन्हा बघितला.

तू घरी या पातळ कागदावर चित्र काढायचास. चुकायचास, खोडायचास, पुन्हा चुकायचास. सहा रेघांतली एक नक्की झाली की कागदाची पाठ काळी करून तो कार्डावर ठेवायचास, आणि टोकदार पेन्सिलीनं तेवढी एकच रेघ गिरवायचास. खाली कार्डावर उतरायची ती स्वच्छ, एका झटक्यात काढल्यासारखी. ते कार्ड तू मला द्यायचास, आणि कागद घरी पेटीत. मी खोडली ती कार्डावरची पेन्सिल. चित्रं तुझ्याकडेच होती. मी जे खोटं म्हणून लिहून दिलं, ते तेवढं एकच खरं उरलेलं होतं.

तुला हे कळणार नाही, पण मला त्या चऱ्यांनी जेवढं मारलं तेवढं दुसऱ्या कशानं नाही. कारण तुझ्या कार्डावर कधी एक रेघ चुकलेली नसायची, आणि मी ते बघून जळायचे. खरंच जळायचे, दादा. मला एक कान काढायला अर्धा दिवस लागायचा आणि हा माणूस चहा पिता पिता हात फिरवतो असं वाटायचं. याला काय, आणखी शंभर काढेल, एक खोडलं तर काय बिघडलं, असं मी स्वतःला समजवायचे. तू किती चुकायचास ते मला माहीत असतं तर मी दुसऱ्या कार्डाला हात लावला नसता. निदान असं मला आज वाटतं. तेव्हा काय केलं असतं कोण जाणे.

तेरांचं विचारू नकोस म्हटलं होतं. आता सांगते. दुसऱ्या अंकापासून अपघात वगैरे काही नव्हता. कार्ड तू माझ्याकडे द्यायचास, मी ते खणात ठेवायचे, साहेबांकडे न्यायचेच नाही. ते खोडून त्यावर माझं चित्र काढायचे, शाई करायचे आणि मग केबिनमध्ये जायचे. साहेब वाहवा करायचे. त्यांना वाटायचं कल्पना तुझी आणि शाई माझी. मी तिसऱ्या अंकाला त्यांना हळूच सांगितलं की हल्ली कल्पनाही माझीच असते. आणि तुला दर खेपेला सांगायचे, साहेब ऐकतच नाहीत रे, मी किती भांडले. तू माझ्या पाठीवर हात ठेवायचास. एकदा म्हणालास, तू भांडू नकोस, तुझी नोकरी जाईल.

हे सगळं मी बाईला सांगितलं. तिनं फोन टेबलावर ठेवला आणि या खेपेला मीच म्हटलं, भरून घे. आधीच्या चार ओळी मागे घेतल्या आणि दोन पानं लिहून दिली. चित्रं मूळ आहेत, मी ती कार्डावर पाहिलेली आहेत, प्रत्येकात काय होतं ते एकेक करून लिहिलं. दहाव्या अंकात खिडकीपाशी वाटी ठेवलेली आहे, ती फोटोत नीट दिसत नव्हती, पण मी आधी लिहिली आणि मग कागद बघून तिनं ताडून पाहिली. अकराव्यात त्याच्या कोटाचं एक बटण तुटलेलं, तेही तसंच निघालं. काळी पाठ काय आजही कोणी करेल, असं मंडळातले म्हणत होते. आता त्यांची तोंडं बंद झाली. आजच्या आज चित्रं परत लावतो म्हणाले. बाजूच्या पाटीवर 'संपादकांनी बदललं' असं होतं, तिथं आता 'शाई करणाऱ्या बहिणीनं संपादकांना न दाखवता बदललं' असं येईल. मजकूर मीच सांगितला. साहेब जाऊन वीस वर्षं झाली, त्यांच्यावर किती दिवस ढकलणार.

बाई शेवटी म्हणाली, "पण मॅडम, लोकांना ती मूठच आवडते. लहानपणापासून आमच्या डोक्यात तीच आहे." तिला बरं वाटावं असं तिला वाटलं असेल. मलाही वाटलं होतं कधीतरी असं कोणी म्हटलं तर बरं वाटेल. त्या मुठीवर मी पुढे वीस वर्षं नोकरी केली. तू दुकानांच्या पाट्या रंगवल्यास.

आणखी एक राहिलंय. हे बाईला सांगितलं नाही. हे फक्त तुझं आहे.

तेरावा अंक छापून आला त्या दिवशी तू ऑफिसात आलास. चौदावं कार्ड माझ्या टेबलावर आपटलंस आणि तसाच केबिनमध्ये शिरलास. मी दारात उभी होते. तू म्हणालास, माझी चित्रं नासवता. साहेब म्हणाले, कुठली चित्रं, मी तर शाई केलेलं कार्डच बघतो. तुला वाटलं ते धडधडीत खोटं बोलताहेत. तू माझ्याकडे वळलास आणि म्हणालास, "तू सांग यांना." आणि मी म्हणाले, "साहेब, दादा हल्ली थकलाय. काय काढलं ते त्याच्या लक्षात राहत नाही." हे तुला माहीतच आहे. तू माझ्याकडे पाहिलंस आणि गेलास, आणि मला वाटतं त्यानंतर तू चित्र म्हणून काही काढलं नाहीस.

तुला माहीत नाही ते पुढचं. तू गेल्यावर साहेबांनी दार लावलं, मला बसायला सांगितलं. माणूस वाईट नव्हता. शांतपणे म्हणाले, "हे बघ, तो उगाच एवढा चिडणार नाही. खरंच अशी चित्रं आहेत का कुठं? असतील तर मला बघू दे. मी आत्ता त्याच्या मागे माणूस पाठवतो."

चौदावं कार्ड माझ्या टेबलावर पडलेलं होतं, दहा पावलांवर. तू रागात होतास, ते उचलून त्यांच्यासमोर धरायचं तुला सुचलं नाही. मला सुचलं होतं. तुझा माणूस त्यात पहिल्यांदाच आपल्याकडे तोंड करून उभा होता, दोन्ही हात उघडे. ते तुझं सगळ्यांत चांगलं चित्र होतं आणि ते मला बघताक्षणी कळलं होतं.

मी म्हणाले, "नाहीत." साहेब म्हणाले, बरं. मी टेबलापाशी आले, खुर्ची पुढे ओढली आणि खोडायला बसले.

माफ कर असं लिहिणार होते, दोनदा लिहिलं आणि दोन्हीदा कागद फाडला. माफी मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्याकडून आणखी काही मागायचा मला अधिकार नाही. रविवारी प्रदर्शन उघडेल तेव्हा चित्रं भिंतीवर असतील. तू जाऊन बघ. मी त्या दिवशी येणार नाही, म्हणजे तुला मोकळेपणानं बघता येतील.

ती चौदा कार्डं बघितलेली एकटीच,
तुझी धाकटी